साबणाची कढई आणि इंजिनीअर मुलगा

बारावीचा निकाल लागला की आमच्या मोहल्ल्यांत घरोघरी एकच प्रश्न फिरतो : मुलाने कोणती लाइन घ्यावी? जबाबही ठरलेला असतो. कम्प्युटर, ते न मिळाले तर मेकॅनिकल किंवा सिव्हिल. केमिकल इंजिनीअरिंगचे नाव निघाले की वडील तोंड वाकडे करतात. त्यात वास आणि धुराशिवाय काय आहे, असा त्यांचा समज. गंमत अशी की असे म्हणणारे गृहस्थ स्वतः साबण बनवीत असतात, कापड रंगवीत असतात, कातडे कमावीत असतात किंवा अत्तर गाळीत असतात. म्हणजे जन्मभर ते केमिकल इंजिनीअरचेच काम करीत आलेले असतात. फक्त त्याचा हिशेब कागदावर मांडलेला नसतो.

हा हिशेब मांडायला शिकवणारा विषय म्हणजे प्रोसेस डिझाइन. चार वर्षांच्या पदवीत तो शेवटी येतो, पण आधीचे सारे विषय त्याच्याच तयारीसाठी असतात. हा विषय मुलगा काय शिकतो आणि त्याच्या वडिलांच्या धंद्याला त्याचा काय उपयोग, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

एक किलो आणि एक देग

घरात एक किलो तांदळाची बिर्याणी उत्तम करणाऱ्या माणसाच्या हाती लग्नाची देग दिली तर काय होते, हे आपण सर्वांनी खाऊन पाहिले आहे. खाली करपते आणि मध्ये कच्चे राहते. कारण साधे आहे. भांडे लांबी, रुंदी, उंचीने दुप्पट केले की त्यात माल आठपट मावतो, पण भांड्याचा पृष्ठभाग चौपटच होतो. उष्णता आत जायची वा बाहेर पडायची ती या पृष्ठभागातूनच. म्हणून मोठ्या देगेसाठी मसाला वाढवून भागत नाही, रीतच बदलावी लागते.

प्रयोगशाळेतील काचेच्या भांड्यात जमलेला माल कारखान्यात टनावारी काढायचा, तर नेमकी हीच अडचण येते. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ कसा बनतो ते सांगतो. तो रोज, ठरलेल्या भावात आणि कोणाला इजा न होता कसा बनवायचा, हे केमिकल इंजिनीअर सांगतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. अल्कली हा शब्द अरबी 'अल-कली'वरून आला आणि अर्क गाळण्याच्या भांड्याचे अलेम्बिक हे नाव 'अल-अंबिक'वरून. कन्नौजचे अत्तरवाले आजही तांब्याची देग आणि भपका लावून हेच काम करतात. युरोपात १८८७ साली जॉर्ज डेव्हिस यांनी मँचेस्टर येथे व्याख्याने देऊन एक महत्त्वाची गोष्ट मांडली. साखर, साबण, रंग हे धंदे वेगळे असले तरी तापवणे, आटवणे, गाळणे, सुकवणे ही कामे सर्वांत सारखीच आहेत. एकदा ती नीट शिकली की माणूस कोणत्याही धंद्यात उभा राहू शकतो. या शाखेचा पाया तोच आहे.

वहीतला पहिला हिशेब

दुसऱ्या वर्षी मुलाला पहिला धडा मिळतो तो मालाच्या ताळेबंदाचा. जितके आत गेले तितके बाहेर आलेच पाहिजे. बाहेर दिसत नसेल, तर ते कुठे गेले ते शोधा. दुकानदाराला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

समजा, एका साबणवाल्याचा मुलगा हा विषय शिकतो आहे. सुट्टीत तो घरी येऊन विचारतो, "अब्बा, आपण शंभर किलो खोबरेलाला कॉस्टिक किती टाकता?" वडील अनुभवाने सांगतात, अठरा किलोच्या आसपास. मुलगा वहीत मांडून पाहतो, तर हिशेबही तेवढाच येतो. शेंगदाणा तेल असते तर साडेतेरा किलो पुरले असते. शंभर अधिक अठरा, म्हणजे एकशेअठरा किलो माल कढईत गेला. त्याचा साबण होतो सुमारे १०४ किलो, पाणी सोडून. मग उरलेले चौदा किलो कुठे गेले?

ते ग्लिसरीन झाले. साबण उकळून, मीठ टाकून वर काढला की हे ग्लिसरीन खालच्या खाऱ्या पाण्यात राहते आणि ते पाणी आपण गटारात सोडतो. वडिलांनी वीस वर्षे ते पाणी सोडले असेल. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने बनवणारे कारखाने हाच पदार्थ पैसे मोजून विकत घेतात.

येथे अर्धवट शिकलेला मुलगा म्हणेल, उद्यापासून ग्लिसरीन काढू या. पुरता शिकलेला मुलगा दुसरा हिशेब मांडील, उष्णतेचा. चौदा किलो ग्लिसरीन हाती यायला समजा दीडशे किलो पाणी आटवायचे आहे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६१० किलोकॅलरी लागतात, म्हणजे एकूण नव्वद हजारांवर. उघड्या चुलीत लाकडाची फार तर पाव उष्णता कामी येते. त्या हिशेबाने नव्वद ते शंभर किलो कोरडे लाकूड जळेल. इतके करून हाती येईल ते मीठ मिसळलेले कच्चे ग्लिसरीन, आणि त्याला भाव कमी. धंदा बुडाला!

जबाब एकच नसतो

प्रोसेस डिझाइनची खरी तालीम येथे सुरू होते. तिसऱ्या वर्षापर्यंत परीक्षेतल्या प्रश्नाला एकच उत्तर असते. डिझाइनमध्ये उत्तरे अनेक असतात आणि त्यांतले फायद्याचे कोणते ते निवडावे लागते.

पहिला मार्ग, रीतच बदला. साबण न उकळता थंड पद्धतीने केला तर ग्लिसरीन साबणातच राहते. आटवायचे काही उरत नाही आणि कातडीला मऊ लागणारा साबण म्हणून तो वेगळ्या भावाने विकता येतो.

दुसरा मार्ग, उष्णता पुन्हा वापरा. एका भांड्यातून निघालेली वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या भांड्याला दिली की तिनेच तेथले पाणी उकळते. तीन भांड्यांच्या रांगेत एक किलो वाफ सुमारे अडीच किलो पाणी आटवते. ही युक्ती काढली नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकेतील कृष्णवर्णी इंजिनीअरने. त्याच्या काळी तेथे गुलामगिरी चालू होती. १८४३ साली त्याला याचे पेटंट मिळाले, आणि महाराष्ट्रातील साखर कारखाने उसाचा रस आजही याच तत्त्वावर आटवतात.

तिसरा मार्ग आमच्या छोट्या कारखानदारांनी विशेष ध्यानात घ्यावा. यंत्रसामग्रीच्या किमतीचा एक ढोबळ नियम या विषयात शिकवतात. उत्पादन दहापट केले तर यंत्रसामग्रीचा खर्च दहापट न होता साधारण चौपट होतो. हा नियम सर्वत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण पहिल्या अंदाजाला पुरतो. म्हणजे एकट्या साबणवाल्याला न परवडणारे यंत्र दहा जणांनी मिळून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्म्याहून कमी खर्च येतो. खारे पाणी वाहून नेण्याचा खर्च त्यातून वजा करावा लागेल, तोही मांडून पाहावा. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला तो याच शहाणपणाने. रंगाई आणि चामड्याच्या कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याचे काम सामाईक केंद्रात होते त्यामागेही हाच हिशेब आहे. एकीचे महत्त्व आपण भाषणांत पुष्कळ ऐकतो. हा विषय ते आकड्यांत दाखवतो.

खडूने काढलेला नकाशा

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची. आमच्या कारीगरांचा हात कसबी आहे. जमिनीवर खडूने रेघा मारून ते पाइप जोडतात आणि काम चालू करून देतात. या हुन्नराची आम्हांला कदर आहे, पण त्याची हद्दही माहीत असावी.

इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरो येथे नायलॉनचा कच्चा माल बनवणारा कारखाना होता. तेथे सहा मोठ्या टाक्या एकामागून एक जोडलेल्या होत्या. १९७४ च्या मार्चमध्ये पाचव्या टाकीला चीर गेली. ती काढून चौथी आणि सहावी टाकी वाकड्या पाइपने जोडली गेली. टाक्यांची तोंडे २८ इंची, पाइप २० इंची. त्या पाइपचा नकाशा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवर खडूने काढलेले चित्र. दाबाने पाइप कसा ताणला जाईल याचा पुरा हिशेब कोणी केला नाही, आणि तो करू शकेल अशा इंजिनीअरची जागा त्या वेळी रिकामी होती. १ जून १९७४ रोजी पाइप फुटला, वायूचा ढग पेटला आणि २८ माणसे मेली.

भोपाळचे दुःख तर आपल्या घरचेच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री जो विषारी वायू सुटला तो विकायचा माल नव्हता. कीटकनाशक बनवताना मध्येच लागणारा तो पदार्थ होता आणि एका टाकीत तो चाळीस टनांच्या वर साठवलेला होता. जो पदार्थ साठवलाच नाही तो गळणार कसा, हा विचार डिझाइनच्या टेबलावरच व्हायला हवा. म्हणून विद्यार्थ्याला प्रत्येक पाइपपाशी थांबून विचारायला शिकवतात : येथे प्रवाह बंद पडला तर? जास्त झाला तर? कमी झाला तर? उलटा फिरला तर? आपल्या कारखान्यातही हे चार प्रश्न महिन्यातून एकदा विचारले तरी पुष्कळ दुर्घटना टळतील.

शेवटचे वर्ष वाया घालवू नका

अंतिम वर्षात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटाला एखादा पदार्थ आणि रोजचे उत्पादन ठरवून देतात. पद्धतीची निवड, मालाचा आणि उष्णतेचा ताळेबंद, यंत्रांची मापे, जागा, भांडवल, नफा, सुरक्षितता, सारे त्यांनी लिहून द्यायचे असते. माहिती अपुरी असते. अंदाज धरावा लागतो आणि तो का धरला ते लिहावे लागते. मुले येथेच घाबरतात. काही जण मागच्या वर्षीचा रिपोर्ट आणून आकडे बदलतात. मार्क मिळतात, पण ज्या एका कामासाठी चार वर्षे घातली ते कामच शिकायचे राहून जाते.

आमची सूचना अशी की मुलाने घरचा धंदाच प्रोजेक्टसाठी मागून घ्यावा. वडिलांनीही कढईची मापे, जळणाची बिले, वाया जाणारा माल, काही न लपवता त्याच्यापुढे ठेवावे. मुलाकडे गणित आहे, वडिलांकडे अनुभव. दोन्ही एकत्र आले तरच रिपोर्ट खरा होतो. महागडे सॉफ्टवेअर नसले तरी अडत नाही. डीडब्ल्यूसिम हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प ते विद्यार्थ्यांना शिकवतो.

महाराष्ट्रात या शाखेसाठी जुनी आणि नावाजलेली ठिकाणे आहेत. माटुंग्याची १९३३ सालची संस्था, जी पूर्वी यूडीसीटी होती आणि आज इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. नागपूरची १९४२ सालची लक्ष्मीनारायण संस्था. कोकणात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन सीईटी देता येते. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. ज्या घरांना मुलाने लवकर कमावते व्हावे असे वाटते, त्यांनी ही वाट अवश्य पाहावी.

निकालाच्या दिवशी तोंड वाकडे करण्याआधी वडिलांनी आपल्या कढईजवळ जाऊन गटाराकडे वाहणारे पाणी एकदा पाहावे. त्यात काय जात आहे हे सांगणारा माणूस आपल्याच घरात तयार होऊ शकतो.