चोवीस दशांश पाच सात सहा

बीगलबोन ब्लॅक या क्रेडिट कार्डाएवढ्या बोर्डावर प्रोसेसरसाठी 24 मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल आहेच. तरीही 2013 साली बोर्ड काढणाऱ्यांनी आणखी एक ऑसिलेटर बसवला, 24.576 मेगाहर्ट्‌झचा, आणि तोही फक्त एचडीएमआयच्या आवाजासाठी. फरक अडीच टक्क्यांचाही नाही. एवढ्यासाठी वेगळा पार्ट? तर हो. सेकंदाला 48,000 नमुने वाजवायचे आणि डाव्या-उजव्या चॅनेलला प्रत्येकी 32 बिट द्यायचे, तर बिट क्लॉक 3.072 मेगाहर्ट्‌झ हवा. 24.576 ला 3.072 ने भागलं की बरोबर 8 येतात. 24 ला भागून पाहा: 7.8125. पडद्यावर एखादी फ्रेम गळली तर डोळा चालवून घेतो, कान घेत नाही.

बोर्डावर असा ऑसिलेटर आहे हे लिनक्सला कळतं ते डिव्हाइस ट्रीमधून. बोर्डावर काय कुठे जोडलंय, ते लिहून ठेवलेली ही फाइल. पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्या सी कोडमध्येच कोंबलेली असे. 2011 मध्ये लायनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर जाहीरपणे भडकले, आणि मग ती हळूहळू बाहेर निघाली.

बीगलबोनच्या फाइलीत या ऑसिलेटरच्या दोन नोंदी आहेत. पहिली 'फिक्स्ड-क्लॉक': 2,45,76,000. दुसरी त्याच्या फाटकाची, म्हणजे तो चालू-बंद करणारी जीपीआयओ1 ची 27 क्रमांकाची पिन. फाटक लागतं, कारण हाच क्लॉक पी9 हेडरच्या 25 व्या पिनवरही पोचतो. ती पिन स्वतःच्या कामाला हवी असेल तर तो बंद करता आला पाहिजे.

गोम पहिल्या नोंदीत आहे. तो आकडा मोजून पाहायची सोय कर्नलकडे नाही. तुम्ही लिहाल ते प्रमाण. समजा, तुमच्या बोर्डावर कोडेकला, म्हणजे आवाजाच्या चिपला, 22.5792 चा क्रिस्टल लागला आणि फाइलीत 24.576 तसंच राहिलं. 48,000 मिळवायला 512 ने भाग दिला जातो, लॉगमध्ये एकही तक्रार नसते, आणि 48,000 चं गाणं 44,100 च्या वेगाने वाजतं. काळी चारचा गायक पांढरी पाच आणि काळी तीन यांच्या मधे कुठेतरी उतरतो. पाच मिनिटांची चीज साडेपाचच्या जवळ जाते. पेटीवाल्याला पहिल्या षड्जातच कळेल. मूळ गाणं न ऐकलेल्या टेस्टरला कधीच नाही.

एसजीटीएल5000 या कोडेकची तऱ्हा उलटी. मास्टर क्लॉक मिळाला नाही तर तो आय-टू-सी या नियंत्रणाच्या तारांवरसुद्धा उत्तर देत नाही. ड्रायव्हर चिपचा आयडी विचारतो आणि एरर घेऊन परत येतो. लोक सोल्डरिंग तपासत बसतात. मला हा अडेलपणा जास्त प्रामाणिक वाटतो.

सीडीचा 44,100 हा आकडा आला व्हिडिओ टेपवरून: सेकंदाला 60 फील्ड, त्यात वापरण्याजोग्या 245 ओळी, ओळीत 3 नमुने. 48,000 शी त्याचं गुणोत्तर 147 ला 160, म्हणजे एका क्रिस्टलमधून दोघांना सरळ भागाकाराने निभावणं कठीण. रास्पबेरी पायवर बसणाऱ्या हायफायबेरीच्या डॅक प्लस प्रो कार्डावर म्हणूनच दोन ऑसिलेटर आहेत, आणि गाण्याचा दर पाहून ड्रायव्हर त्यांतला एक निवडतो. बीगलबोनवर एकच आहे. सीडीवरचं गाणं तिथे एचडीएमआयवर ऐकायचं तर सॉफ्टवेअरला आधी ते 48,000 च्या मापात बसवून घ्यावं लागतं.