प्राणवायूचे घेणे आणि देणे

रक्ताला तांबडा रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु या द्रव्याची थोरवी त्याच्या वर्णात नाही, आणि ते प्राणवायू धरून ठेवते एवढ्यातही नाही, तर धरलेला प्राणवायू योग्य स्थळी सोडून देण्याचे जे तारतम्य त्याच्या घडणीतच आहे, त्यात ती आहे, असे मला वाटते.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन आल्फा आणि दोन बीटा. आल्फा साखळीत १४१ व बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ठरावीक क्रमाने गुंफलेली असून, प्रत्येक साखळीच्या वळ्यांत ‘हीम’ नावाचा एक चपटा घटक आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एकच अणू असतो. असे सुमारे २७ कोटी रेणू एकेका तांबड्या पेशीत तैनात असतात. प्राणवायू बसतो तो या लोहावर. आणि नवल असे की, उघड्या हवेत गंजणारे हे लोह येथे सहसा गंजत नाही, कारण साखळीने त्याला असे वेढलेले असते की प्राणवायू येतो, बसतो आणि जसाच्या तसा निघून जातो. शंभर मिलिलिटर रक्तात नुसता विरघळून राहणारा प्राणवायू जेमतेम ०.३ मिलिलिटर, हिमोग्लोबिनच्या बळावर तेच रक्त सुमारे २० मिलिलिटर वाहून नेते.

फुप्फुसात एका लोहाने प्राणवायू घेतला की सबंध रेणूची ठेवण पालटते आणि उरलेल्या लोहांना तो घेणे सुलभ होते. उलट, राबणाऱ्या स्नायूपाशी कार्बन डायॉक्साइड व आम्लता वाढलेली असते, तेथे तोच रेणू आपली पकड सैल करून प्राणवायू हवाली करतो. हा दुसरा गुण क्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखविला. रेणूची आकृती मात्र केंब्रिजमध्ये माक्स पेरुट्झ यांनी १९३७ पासून क्ष-किरणांच्या साहाय्याने चालविलेल्या चिकाटीच्या उद्योगानंतर, १९५९ मध्ये, प्रथम दिसली.

या रचनेत ढवळाढवळ किती महागात पडते! बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, तर प्राणवायू सोडताच हे रेणू एकमेकांना चिकटून ताठर दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. हाच सिकलसेल आजार. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला जात आहे. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याचा संभव चारांत एक असतो, आणि वाहकाला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. प्राथमिक तपासणी अगदी साधी आहे : रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, दोषी हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. वाहक कोण व रोगी कोण, याचा निवाडा पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने होतो. ज्यांच्या घराण्यात वा गावात हा आजार आहे, त्यांनी सोयरीक पक्की करण्यापूर्वी मुलामुलींची ही तपासणी अवश्य करून घ्यावी.