कांडी कालवडीची, झाला गोऱ्हा

कसबा पेठेंत आमच्या भेटीस आलेल्या एका बागाइतदार मित्राची तक्रार अशी: कालवडीची म्हणून महागडी वीर्यकांडी घेऊन गाय भरविली, आणि झाला गोऱ्हा. ही लबाडी म्हणावी काय?

आमच्या मतें एवढ्यावरून तसें म्हणतां येत नाहीं. कालवड देणाऱ्या शुक्रपेशींत गोऱ्हा देणाऱ्यांहून डीएनए सुमारें ३.८ टक्केच अधिक असतो. पेशींस रंग देऊन त्या लेसरच्या प्रकाशांतून नेतात. जिची चमक अधिक ती कालवडीची, असा हिशेब. पण मोजमाप थोडें चुकतेंच. म्हणून शेजारीं ओतलेल्या दोन राशींचे पायथे मिसळावे, तशा या दोन टोळ्या मिसळतात. नेपल्सच्या खेकड्यांच्या मापांतून अशा राशी गणितानें विलग करण्याचा यत्न कार्ल पियर्सन यांनीं १८९४ मध्यें केला. त्या रीतीनें राशींचें प्रमाण कळतें. सीमेवरचा अमुक दाणा कोणत्या राशीचा, हें मात्र खात्रीनें कळत नाहीं. यंत्र संशयित पेशी टाकून देतें, तरी शंभरांत दहाएक नराच्या उरतातच.

तेव्हां एक गोऱ्हा हा पुरावा नव्हे. दहा वेतांत चार वा अधिक गोऱ्हे झाले, तर मात्र जाब विचारावा. नव्वद टक्के शुद्ध कांडीनें असें ऐंशींत एखादे वेळींच घडेल. आमच्या मित्राच्या गोठ्यांत असें वेत एकच, आणि नोंदवही मुळींच नाहीं.