शेतकामातील कंबरदुखी व सांधेदुखी : कारणे आणि उपाय

कृष्णाकाठचा ऊस, कोरेगावकडील आले, सांगलीकडील हळद आणि पाटण-शिराळ्याची भातलावणी या सर्वांत माणसाला तासन् तास वाकून राबावे लागते. कंबर धरली की तो वयाचा वा नशिबाचा दोष मानला जातो. वस्तुतः पुष्कळसे दुखणे कामाच्या पद्धतीतून उद्भवते, आणि पद्धत सुधारल्यास ते कमी करता येते.

कारणे : कमरेत पाच मणके असून त्यांच्यामध्ये लवचिक गाद्या असतात. वाकल्यावर धडाचा भार या गाद्यांवर व पाठीच्या स्नायूंवर पडतो. त्याच स्थितीत ओझे उचलून अंगाला पीळ दिल्यास स्नायू ताणतात. क्वचित गादी सरकून शीर दाबली जाते व कळ पायात उतरते. दिवसभर उकिडवे बसून भांगलण केल्याने गुडघ्यांवर ताण येतो.

कामातील सुधारणा : दोन ओळींमधील तण उभ्याने चालविण्याच्या हातकोळप्याने काढावे, रोपांलगतचे तेवढेच खुरप्याने काढावे. भांगलण बहुधा स्त्रियाच करतात. म्हणून कोळप्याचा दांडा त्यांच्या उंचीस जुळणारा असावा. युरियाची गोणी 45 किलोची, तर इतर बहुतेक खतांची 50 किलोची असते. ती दोघांनी उचलावी. उचलताना गुडघ्यांत वाकावे, ओझे अंगाशी धरावे व वळताना पावले वळवावीत. दर अर्ध्या तासाने उभे राहून पाठ ताठ करावी.

दुखू लागल्यास : अंथरूण धरून राहू नये. जड काम काही दिवस टाळून झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे. कमरेस कोमट शेक द्यावा. बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ओसरतात. गुडघ्यांसाठी खाटेच्या कडेवर बसून एकेक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा. असे दहा वेळा करावे. सुजलेला सांधा चोळू नये. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊन काम रेटू नये. त्यांनी जठर व मूत्रपिंडे यांस अपाय होतो.

पाय बधिर वा लुळा पडला, अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटला, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तापासह कंबर व सांधे दुखत असल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. गाभडलेल्या जनावराच्या संसर्गाने किंवा कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेल्ला रोगाचीही हीच लक्षणे असतात. घरी असे जनावर असल्यास डॉक्टरांस सांगावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भांगलणीच्या हंगामापूर्वी कोळपे चालविण्याचे व गोणी उचलण्याचे प्रात्यक्षिक शेतावरच दाखवावे, व त्यास स्त्रियांना आवर्जून बोलवावे.