समुद्रातील नदी आणि तिचे भोवरे

नदी सरळ वाहत नाही, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सपाट मैदानात ती वळणे घेते. वळण वाढता वाढता त्याची मान अरुंद होते आणि एखाद्या पुरात नदी ती मान फोडून सरळ निघून जाते. मागे उरते नालाच्या आकाराचे तळे. समुद्रातही असेच घडते. मात्र तेथे मागे राहिलेले पाणी स्वस्थ बसत नाही.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार प्रवाह उत्तरेकडे जातो. केप हॅटरासपाशी तो किनारा सोडून खोल समुद्रात शिरतो. आता त्याच्या डाव्या हाताला थंड पाणी, उजव्या हाताला सारगासो समुद्राचे उबदार पाणी, आणि आधाराला काठ नाही! दोन्हीकडच्या पाण्याची घनताही निरनिराळी. अशा वेगवान प्रवाहाला लहानसा बाक आला, तरी तो वाढतच जातो.

वळण उत्तरेला फुगले की त्याच्या पोटात दक्षिणेचे उबदार पाणी येते. मान मिटली की प्रवाह सरळ वाट धरतो आणि फुगवटा सुटून भोवरा बनतो. वरून पाहिले तर तो प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतो. दक्षिणेला फुगलेले वळण तुटले, तर पोटात थंड पाणी आणि फिरणे उलटे. हे भोवरे डोहातल्या गिरकीएवढे नव्हेत. ते शंभर ते तीनशे किलोमीटर रुंद असतात आणि महिनोन् महिने टिकतात. १९५० साली जहाजांच्या एका तुकडीने असे वळण तुटताना प्रत्यक्ष टिपले.

याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. वादळाला बळ मिळते ते उबदार पाण्यापासून. एरवी वादळ समुद्र घुसळते, खालचे थंड पाणी वर येते व त्याचा जोर ओसरतो. उबदार भोवऱ्यात ऊब खोलवर असते. घुसळले तरी वर ऊनच पाणी येते. २००५ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या आखातातील अशाच खोल उबदार पाण्यावरून जाताना कतरिना वादळ भयंकर बळावले. पुढे त्यात हजाराहून अधिक माणसे दगावली.

उबदार भोवऱ्यावर समुद्राची पातळी किंचित उंचावते. ती उंची आता उपग्रहांवरून मोजता येते. म्हणून वादळाचा अंदाज बांधताना नुसते आभाळ पाहून भागत नाही. पाण्याच्या पोटात काय आहे, तेही पाहावे लागते.