रायगडावरचा तह आणि आपली खाडी

खारबाव स्टेशनवरून एक गाडी वसईकडे जाते, दुसरी भिवंडीमार्गे दिव्याकडे. साडेतीनशे वर्षांपूर्वी या दोन टोकांना दोन वेगळी राज्यं होती. वसई पोर्तुगीजांची, तर कल्याण-भिवंडी १६५७ पासून शिवाजी महाराजांकडे. आपला हा खाडीचा पट्टा दोघांच्या मधला. म्हणून नवं राज्य लढाईनंतर शेजाऱ्यांशी कसं बोलतं, हे पाहायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

सुरुवात गोड नव्हतीच. १६५९ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडीला लढाऊ जहाजं बांधायला घेतली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. हे आरमार उद्या आपल्याच अंगावर येईल हे वसईवाल्यांनी ओळखलं, कारागिरांना फितवलं आणि ते काम सोडून निघून गेले. जहाजं मात्र बांधली गेलीच.

इंग्रजांचं भांडण त्याहून जुनाट झालं. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळे पुरवले, स्वतः येऊन तोफा डागल्या. व्यापारी म्हणून आलेल्यांनी लढाईत हात घातला, म्हणून १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. कैदी १६६३ मध्ये सुटले, पण नुकसानभरपाईचं घोंगडं दहा-अकरा वर्षं भिजत पडलं.

ते निघालं १६७४ साली. ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याआधी मोगलांच्या लेखी महाराज जमीनदार होते, विजापूरच्या लेखी बंडखोर. बंडखोराशी कोणी बरोबरीने तह करत नाही, अभिषिक्त राजाशी करावा लागतो. मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला, सोबत नारायण शेणवी दुभाष्या. महाराज प्रतापगडाला गेलेले, म्हणून पाहुण्यांना पाचाडला थांबावं लागलं.

बोलणी निराजीपंतांनी केली, आणि आम्हाला यातला सर्वांत मोलाचा भाग नकारांचा वाटतो. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारी मान्य, जकात अडीच टक्के मान्य, राजापूरच्या भरपाईपोटी दहा हजार होन मान्य. पण इंग्रजी नाणं राज्यात चालावं, ही मागणी आली तेव्हा उत्तर मिळालं की कुठल्याच नाण्याला बंदी नाही, मात्र ज्यात रयतेचा तोटा होईल ते घ्यायची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल परत मागितला, तर कोकणचा रिवाज पुढे आला. शिवाय इंग्रजांना दिलं की फ्रेंच, डच तेच मागायला येणार. जंजिऱ्याच्या सिद्दीशी समेट करा, ही इंग्रजांची इच्छाही मानली गेली नाही. भरपाईच्या पैशांसाठी कंपनीला पुढेही तगादा लावावा लागला, हेही खरं.

याच भेटीतली एक हकिगत फ्रायर नावाच्या इंग्रज डॉक्टरने लिहून ठेवली आहे. गडावर मांस खाणारे थोडेसे मुसलमान सोडले तर कोणी नव्हतं. इंग्रजांनी इतकं बकऱ्याचं मटण संपवलं की ते पुरवणारा म्हातारा खाटीक हे गिऱ्हाईक आहे तरी कोण हे बघायला डोंगर चढून वर आला. वर्षानुवर्षांत खपला नसेल एवढा त्याचा माल त्या दिवसांत खपला होता.

मान्यता मिळवणं किती चिवट काम असतं, हे आपल्या काळातही दिसलं. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशला पाकिस्तानने मान्यता दिली ती २२ फेब्रुवारी १९७४ रोजी, लाहोरच्या इस्लामी शिखर परिषदेच्या तोंडावर. संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा मिळाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, कारण १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरला होता. मुसलमान देशांची मान्यताही आपोआप मिळाली नाही.

रायगडाचंही तसंच. जंजिऱ्याचा सिद्दी मुसलमान, त्याच्याशी वैर. गोवळकोंड्याचा अबुल हसन कुतुबशहा मुसलमान, त्याच्याशी दोस्ती. काझी हैदर हे महाराजांचे फारसी मुनशी, वकिलीवरही जाणारे; पुढे तेच औरंगजेबाच्या चाकरीत गेले. मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, घरं जळली, माणसं गेली. ज्यांच्या घरी त्या दिवसांच्या आठवणी आहेत, त्यांच्या मुलांच्या कानावर शिवाजी महाराजांचं नाव कित्येकदा फक्त त्या मिरवणुकीतून आलं. त्यांना हा तहाचा, वकिलांचा, जकातीचा इतिहासही घरातूनच सांगायला हवा.

१६७७ मध्ये महाराज स्वतः हैदराबादला गेले. कुतुबशहाने त्यांचं शहरात स्वागत केलं, कर्नाटकच्या मोहिमेसाठी पैसा आणि तोफखाना दिला. तिथल्या दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून प्रल्हाद निराजी होते, म्हणजे ऑक्झिंडेनशी घासाघीस करणाऱ्या निराजीपंतांचेच चिरंजीव.