समोरच्याच्या डोळ्यांचा हिशेब

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट किंवा खामगावकडे ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणारा बोथ्याचा घाट ज्यांनी रात्री पार केला आहे, त्यांना वाहनांच्या प्रखर दिव्यांचा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वळण संपते न संपते तोच पांढराशुभ्र झोत अंगावर येतो आणि क्षणभर रस्ता, कठडा, कडेने चालणारा माणूस, सारेच नाहीसे होते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. दिपलेले डोळे सावरण्यास ३ सेकंद लागले, तर चालकाने ५० मीटर रस्ता आंधळेपणाने कापलेला असतो. उतारवयात, विशेषतः मोतीबिंदूची सुरुवात झाली असल्यास, हा अवधी आणखी लांबतो.

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात रेल्वे इंजिनाच्या ठिणग्यांनी लगतच्या वनांची होणारी हानी उदाहरणादाखल घेतली होती. ठिणगी कंपनीची, जळणारे झाड दुसऱ्याचे. त्यामुळे कंपनीच्या जमाखर्चात ते झाड येतच नाही. मोटारीच्या दिव्यांचे नेमके हेच आहे. दुकानात बल्ब निवडणारा ग्राहक आपल्याला किती दूरचे दिसेल एवढेच पाहतो. समोरच्याच्या डोळ्यांची किंमत त्या बल्बच्या वेष्टनावर छापलेली नसते. शिवाय एकाने दिवा वाढविला की दिपलेला दुसराही वाढवितो. या चढाओढीत प्रत्येकाचा खर्च वाढतो आणि दिसणे मात्र सर्वांचेच कमी होते.

वस्तुतः अधिक उजेड आणि अधिक दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य जुन्या गाड्यांतील हॅलोजन बल्बमध्ये ६० व ५५ वॅटच्या दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. ही सारी रचना तारेच्या नेमक्या जागेवर अवलंबून असते. त्याच खोबणीत स्वस्तातला एलईडी बल्ब बसविला की प्रकाशाचा उगम जरासा हलतो आणि झोत वर, समोरच्याच्या चेहऱ्यावर फाकतो. १०० व ९० वॅटचे बल्बही बाजारात राजरोस मिळतात. ज्याला एलईडीच हवा असेल त्याने त्यासाठीच घडविलेला संपूर्ण दिवा असलेली गाडी घ्यावी. जुन्या दिव्यात मूळ वॅटचाच बल्ब ठेवावा. पिवळी पडलेली काच घासून स्वच्छ केली तरी पुष्कळ काम होते. मागे लग्नाचे वऱ्हाड आणि सामान भरले की गाडीचे नाक उचलले जाते, त्याबरोबर झोतही; ज्या गाड्यांत तो खाली करण्याची कळ असते, तेथेही तिला कोणी हात लावत नाही!

दुभाजकामुळे समृद्धी महामार्गावर हा त्रास पुष्कळ कमी आहे. मात्र सिंदखेड राजा वा मेहकर येथे खाली उतरलेले वाहन तोच अप्पर लावून अरुंद रस्त्याला लागते. तेथे मागे दिवा नसलेली बैलगाडी असते, सायकलस्वार असतो. आणि शेगावच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात गजानन महाराजांच्या दर्शनास पायी निघालेली माणसे असतात. झोताआड सर्वांत आधी हीच दिसेनाशी होतात. दिव्यांच्या या चढाओढीत त्यांच्याजवळ लावायला दिवाच नाही.

कायदा नाही असे नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ असे सांगतो की, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, अर्धा मीटर उजवीकडे व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपता कामा नयेत. इतका काटेकोर नियम. पण मोजणार कोण? खाजगी मोटारीची योग्यता तपासणी नोंदणीनंतर १५ वर्षांनी होते. धुराचे प्रमाणपत्र मात्र ठरावीक मुदतीने घ्यावेच लागते. धूर आणि झोत, दोन्ही दुसऱ्यावर लादलेले उपद्रव. एक मोजला जातो, दुसरा नाही. वास्तविक झोताच्या प्राथमिक परीक्षेस यंत्रही लागत नाही. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावावा. प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली राहिली पाहिजे. धूर तपासणी केंद्राशेजारी एक पांढरी भिंत आणि तिच्यावर आखलेली एक रेघ, एवढ्याने हे काम सुरू होऊ शकते.